खाटेवरची गाडी

ते कोणाला हाताला धरून नेत नसत. एक बोट लावत. कोपराच्या किंचित वर, उजव्या हाताचं मधलं बोट, इतकं हलकं की पाहणाऱ्याला वाटावं, कपड्यावरचा धागा काढताहेत. आणि बोट लावताना म्हणत, "हं, चला."

ते बोट मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या लिफ्टच्या दारात. भाईंदर पूर्वेची आमची इमारत जुनी. मी तिसऱ्या मजल्यावर, ते चौथ्या. त्यांच्या पत्नीला कंपवात होता. तुमच्या घरी कोणाला असेल तर तुम्हीही पाहिलं असेल, नीट चालता चालता उंबरठ्याशी आल्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. माणूस मनानं आत गेलेलं असतं आणि पाय बाहेर राहतात. काकू तशा लिफ्टच्या दारात थांबल्या होत्या. मागे आम्ही चार-पाच जण खोळंबलो होतो. लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई 'कृपया दरवाजा बंद कीजिए' म्हणत होती, पुन्हा पुन्हा.

वॉचमन धावत आला. "अंकल, पकडू क्या आंटी को?"

"नहीं नहीं. वो खुद आएगी. जरा रुको."

काकूंचा चेहरा आजारानं अगदी स्थिर झालेला. त्यावर हसू उमटत नसे. त्या चेहऱ्यानंच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या बाईला म्हणावं, एवढी घाई असेल तर तूच ये बाहेर."

मग ते पुढे झाले, बोट लावलं. "हं, चला." आणि काकू चालू लागल्या, काही झालंच नव्हतं अशा.

मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून ते मला बाई म्हणत. मी त्यांना काका म्हणे. मूळचे कोकणातले, नोकरीची बरीच वर्षं परळला काढलेली, मग मुलीच्या शिक्षणासाठी जरा मोठी जागा म्हणून इकडे आलेले. एका जहाज कंपनीच्या कचेरीतून निवृत्त झाले. घरात शिरलं की समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाच्या वर काकूंचं नाव. "घर तिनं चालवलं. मी फक्त हप्ते भरले," असं ते सांगत.

काकू गेल्या. पुण्यानुमोदनाला गावाहून माणसं आली, जिन्यात चपलांचा ढीग झाला. मुलगी पुण्याहून आली होती, ती काही दिवस राहिली, मग तिलाही नोकरी होती. एकेक करत सगळे गेले. घरात ते उरले, आणि काकूंची ती लोखंडी खाट, डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वर करता येते तसली.

एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला माझी बेल वाजली. दारात काका. अंगात स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम.

"बाई, जरा बसू का? काही काम नाही."

दाराजवळच्या खुर्चीत ते बसले. पाणी दिलं ते हातातच धरून ठेवलं.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"छातीत धडधडतंय. रोज याच वेळेला. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, म्हणाले हृदय उत्तम आहे. आता हृदय उत्तम आहे तर हे धडधडतंय काय, ते विचारायचं राहिलं बघा."

ही वेळ काकूंच्या संध्याकाळच्या गोळीची. गोळी दिली की ते त्यांना खोलीतून गॅलरीपर्यंत आणि परत असं फिरवत. वर त्यांच्या पावलांचा आवाज मला ऐकू यायचा, मध्येच थांबणारा, मग पुन्हा सुरू होणारा. आता त्या वेळेला वर कसलाच आवाज नसे.

ते रोज येऊ लागले. 'जरा बसू का, काही काम नाही.' बोलणं फार नसे. मी पुस्तक घेऊन बसे, ते पंख्याकडे बघत बसत. अंधार पुरता पडला की उठत. एखादी गोष्ट संपवून निघाल्यासारखे.

सल्ले सगळ्यांनी दिले. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती भाभींनी त्यांना सकाळी खाडीकाठच्या हसण्याच्या क्लबात नेलं. "सगळे हसत होते, मीपण हसलो," ते मला म्हणाले. "घरी येईपर्यंत गाल दुखायला लागले. बाकी काही फरक नाही." कोणी त्यांना उत्तनच्या पलीकडे पॅगोडात ध्यानाला घेऊन गेलं. तिथली शांतता त्यांना आवडली. "पण डोळे मिटायचे असतात ना, तिथंच अडतं. मिटले की ती दिसते. दारात थांबलेली. मला बाई, डोळे उघडे ठेवून बसता येईल असं काहीतरी पाहिजे."

मग ते यायचे थांबले. पहिल्या दिवशी मला वाटलं, मुलगी आली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या बघू. आई गेल्यापासून माझ्याही घरात शाळेतून परतल्यावर कुलूप मीच उघडायचं आणि दिवा मीच लावायचा असं चाललं होतं. त्या बेलची मला सवय झाली होती, हे बेल वाजेनाशी झाल्यावर समजलं. शेवटी मीच वर गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बारीक घरघर येत होती, शिवणयंत्र फार लांबून ऐकावं तशी. काकूंच्या खाटेवर गादी नव्हती. तिच्या जागी प्लायवुडचा मोठा तुकडा होता, आणि त्यावर लांबट गोल रुळांवरून एक आगगाडी चालली होती. इंजिन माझ्या दोन बोटांएवढं, मागं तीन डबे. पुढं एक दिवा, मोहरीएवढा.

"या बाई. आवाज करू नका असं नाही, पण बसा."

गाडी मुलीची. ती लहान असताना फोर्टातल्या एका दुकानातून त्यांनी आणली होती, कोणा खलाशानं विकलेली, परदेशी. काकू तेव्हा चिडल्या होत्या, मुलगी दोन दिवस खेळली आणि गाडी माळ्यावर गेली. आता काकूंचा वॉकर माळ्यावर टाकायला म्हणून ते स्टुलावर चढले होते आणि हा खोका घेऊन उतरले होते. वॉकर अजून भिंतीशी तसाच उभा होता.

त्यानंतर मी वर जाऊ लागले. तुम्हाला वाटेल, गाडी चालू करायची आणि बघत बसायचं, त्यात काय. पण त्यांची पद्धत निराळी होती. आधी रूळ पुसायचे. आमच्याकडे खाडीची खारी हवा, रूळ रात्रीतून काळवंडतात. काकूंच्या औषधांत उरलेली स्पिरिटची बाटली होती. जुन्या सुती साडीचा तुकडा त्यात भिजवून ते एकेक रूळ पुसत. न बोलता, चष्मा नाकावर खाली ओढून. बराच वेळ जाई. शेवटी बोट फिरवून पाहत, बोट काळं झालं नाही तर गाडी सुरू.

आणि मग ती इतकी हळू चालवत की नवख्या माणसाला वाटावं, चालतच नाही.

"जरा जोरात सोडा की," मी एकदा म्हटलं.

"जोरात कोणीही सोडेल. रूळ घाण असले तरी जोरात जाते ती. हळू चालायला वाट स्वच्छ लागते." आणि थोड्या वेळानं, "घाई कोणाला आहे? गाडी आपलीच आहे."

हे त्यांचं आवडतं वाक्य. वॉचमन एकदा पार्सल द्यायला वर आला आणि बघतच राहिला. "अंकल, ये फास्ट है कि स्लो?"

"स्लो. बहुत स्लो."

"जाती कहाँ है?"

"कहीं नहीं जाती. बैठो."

तो खरंच खाली बसला. अर्ध्या तासानं सेक्रेटरी गेटवर कोणी नाही म्हणून शोधत आला, तर दोघं जण पुढे वाकून मालगाडी बघावी तसे तीन डबे बघत होते.

हळूहळू त्या फळीवर गाव उभं राहिलं. वर्तमानपत्राचा लगदा आणि डिंक यांचा डोंगर झाला, जवळच्या चेणे गावाकडच्या डोंगरासारखा, एका अंगानं हिरवा आणि एका अंगानं खोदलेला. डोंगराच्या पलीकडे मिठागरं. त्यासाठी त्यांनी फुटक्या आरशाचे तुकडे बसवले आणि काठाला मिठाच्या राशी घातल्या, खऱ्या मिठाच्या. त्या दमट हवेत विरघळल्या. मग साबुदाणा कुटून घातला, तर मुंग्या आल्या आणि मुंग्यांची रांग रुळावरून चालू लागली. त्या दिवशी गाडी सुटली नाही. "रुळावर माणसं आहेत," असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. भाभींनी शेवटी रांगोळी दिली. "काका, मीठ खायला पाहिजे, बघायला रांगोळी चालते." ती टिकली.

स्टेशनला त्यांनी फलाट केला, बाक केला, पिवळी पाटी केली. पाटी कोरीच. मी पुस्तकांतली माणूस म्हणून मला नाव सुचवायला सांगितलं. मी तीन सुचवली. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "राहू दे. नाव दिलं की लोक उतरायला लागतील."

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. डोंगर संपून मिठागरं लागतात तिथं रुळाच्या एका तुकड्यात काहीतरी बिघाड होता. त्याला वीज पोचत नसे. गाडी तिथं आली की पुढचा दिवा विझे आणि इंजिन उभं राही. दर फेरीला, त्याच जागेवर. काका तोपर्यंत खुर्चीत पुढे सरकलेले असत. ते मधलं बोट पुढे करत, डब्यांना नाही, इंजिनालाच, पाठीमागून, हलकं.

"हं, चला."

दिवा लागे. गाडी निघे. काका मागे टेकत, पुढच्या फेरीपर्यंत.

मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण मी त्याबद्दल बोलले नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम गेला होता. दिवे लागायची वेळ येई, अंधार पडे, खाली रिक्षांचे हॉर्न आणि कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, आणि ते गाडीकडे बघत बसलेले असत, डोळे उघडे ठेवून. धडधडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

नाताळच्या सुट्टीत मुलगी आली. हुशार, हसरी, बापाचेच डोळे. खाटेवरचं गाव बघून तिचा चेहरा उजळला. "पप्पा, ही माझी गाडी?" मग खुर्ची ओढून ती बसली आणि दुसऱ्या फेरीला, बापाचं 'हं, चला' ऐकून, म्हणाली, "हे काय? दर वेळी ढकलायचं?"

"चालतं गं. तेवढंच."

"चालतं काय? मी करून देते."

तिनं कुठल्या कुठल्या दुकानांत फोन केले, त्या मापाचा रुळाचा तुकडा शोधून मागवला. तो आल्यावर टॉर्च दातांत धरून, फळीवर ओणवी होऊन, तिनं जुना तुकडा काढला आणि नवा बसवला. डोंगराला धक्का लागू नये म्हणून एका हातानं त्याला सांभाळत होती. इतक्या मायेनं केलेलं काम मी क्वचित पाहिलं आहे. गाडी सोडली. डोंगर, मिठागरं, स्टेशन, पुन्हा डोंगर. कुठं थांबली नाही. तिनं मोबाइलवर व्हिडिओ काढला.

"बघा ताई, आता पप्पांना हातही लावायला नको."

काका म्हणाले, "छान झालं." जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "छान झालं हो."

ती पुण्याला गेली त्यानंतरच्या आठवड्यात, दिवे लागायच्या वेळेला, माझी बेल वाजली.

"बाई, जरा बसू का? काही काम नाही."

तोच शर्ट, तोच घाम. पाण्याचा पेला हातात.

"गाडी बिघडली का?"

"नाही. उत्तम चालते. थांबतच नाही."

"मग?"

"मग काय. ती चालते. मी नुसता बसलेला असतो." पेल्याकडे बघत म्हणाले, "तिला आता काही लागत नाही."

मला लिफ्टचं दार आठवलं. मुलीला आईचा आजार ठाऊक नव्हता असं नाही. पण ती यायची तेव्हा पाहुण्यांची गडबड असे, काकू खुर्चीत बसलेल्या असत, आणि बाहेर नेताना चाकांच्या खुर्चीत. दारातलं ते रोजचं थांबणं रोज तिथं असणाऱ्यालाच दिसतं.

ग्रंथालयात फाटकी पानं जोडायला आम्ही एक पातळ पारदर्शक पट्टी वापरतो. कागदावर लावली की दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी मी ती घरी आणली आणि वर गेले.

"काका, रुळावर ही लावली तर तेवढ्या जागेत वीज लागणार नाही. काढली की रूळ पुन्हा होता तसा."

त्यांना कळायला वेळ लागला नाही. पट्टी त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली.

"तिनं मनापासून केलंय हो."

"माहीत आहे."

"तिला कळलं तर वाईट वाटेल."

"दिसतच नाही ती. बघा."

"तुम्ही लावा."

"मी कापून देते. लावा तुम्ही. जागा तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी जागा शोधली. डोंगराची सावली संपते तिथं, मिठागरांच्या पहिल्या आरशापाशी. पट्टी ठेवली आणि मधल्या बोटानं तिच्यावरून फिरवत राहिले, बुडबुडा राहू नये म्हणून. मग गाडी सोडली. ती डोंगरातून आली. दिवा विझला. इंजिन उभं राहिलं.

ते लगेच पुढे सरकले नाहीत. खात्री करून घेत असावेत. मग बोट पुढे गेलं.

"हं, चला."

भाभींनी त्या दिवशी हांडवा पाठवला होता. तो त्यांनी दोन वेळा मागून खाल्ला.

पुढची दोन वर्षं तशीच गेली. त्याहून अधिक काही घडलं नाही, आणि घडावं असं आम्हा दोघांनाही वाटत नसावं. पट्टी उखडली की मी नवी आणून देई. मुलगी यायची असली की ते ती नखानं काढून ठेवत, ती गेली की पुन्हा लावत. "पाहुणे गेले," एवढंच म्हणत आणि पट्टी मागत.

ते दुपारी गेले, झोपेत. मी शाळेत होते. परतले तेव्हा लिफ्टजवळ माणसं उभी होती आणि वॉचमन माझ्याकडे बघून नुसता मान हलवत राहिला. वर खाटेवर गाव होतं तसं होतं. गाडी स्टेशनात उभी, तिच्यावर काकूंची सुती साडी अंथरलेली, रोज आवरून ठेवत तशी. रुळांना मी बोट लावून पाहिलं. थोडं काळं झालं.

सगळे विधी आटोपल्यावर मुलीनं मला वर बोलावलं. ती फळी सोडवत होती, पुण्याला नेण्यासाठी. "ताई, इथं रुळावर काय चिकटलंय हे?"

दोन वर्षं तिच्या येण्याच्या आधी ती पट्टी निघत असे. या वेळी काढणारं कोणी नव्हतं.

मी तिला सांगितलं. लिफ्टचं दार सांगितलं, बोट सांगितलं, पट्टी कोणी कापली आणि कोणी लावली तेही. ती बापाच्या खुर्चीत बसून ऐकत होती.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तू टॉर्च दातांत धरून बसली होतीस ना. ते त्यांनी पाहिलं होतं."

मग तिनं पट्टीचं सुटू लागलेलं टोक अंगठ्यानं दाबून पुन्हा नीट बसवलं.

आता चौथ्या मजल्यावर भाडेकरू आहेत. त्यांच्याकडे लहान मूल आहे, पावलांचा आवाज येतो, पण तो न थांबता पळणारा. वॉकर इमारतीतल्या कोणाला तरी उपयोगी पडला. भाभींनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं, "बेन, ट्रेनचं काय झालं?" मी सांगितलं, पुण्याला गेली. "सारू, बरं झालं," त्या म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

मी शाळेतून येते, कुलूप उघडते, दिवा लावते. पुस्तक उघडते. दाराजवळची खुर्ची मी हलवलेली नाही.

रविवारी त्याच वेळेला कधी कधी मुलीचा फोन येतो. दोघींना बोलायला फारसं काही नसतं. ती विचारते, चहा झाला का, मी विचारते, थंडी आहे का. मग ती फोन फळीच्या कडेला ठेवते आणि मला ती बारीक घरघर ऐकू येते. फार हळू. रूळ तिनं चांगले पुसलेले असतात.

मग घरघर थांबते. तिकडे दिवा विझला असणार. मी फोन कानाशी धरून बसते. बाहेर अंधार होत असतो.

मग तिचा आवाज येतो, मला उद्देशून नसलेला, हळू. "हं, चला."

हे शब्द मी तिला सांगितले नव्हते.